उजनीच्या पाण्यावर गळ टाकताना

सोलापूरच्या भवानी पेठेत सुट्टी घालवण्याचे नाना प्रकार आहेत. कोणी पाहुण्यांकडे जातो, कोणी मुलीच्या स्थळाची चौकशी करीत फिरतो, कोणी आठवड्याची राहिलेली झोप एका दुपारी वसूल करतो. आमच्या टोळीचा प्रकार जरा निराळा आहे. दुसरा शनिवार आला की आम्ही गळ, दोरा, कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून पाण्याकडे निघतो. टोळीत एक यंत्रमाग कामगार, एक शिक्षक, गिरणीत उमर घालवलेले आणि आता सत्तरी ओलांडलेले एक मामा, मामांचा कॉलेजात शिकणारा नातू आणि दिवसभर फायलींत मान घालून बसणारे आम्ही.

या छंदाची शाळा आमच्या पेठेला जवळच मिळाली. तुळजापूर रस्त्याने थोडे पुढे गेले की हिप्परग्याचा तलाव लागतो. कागदोपत्री त्याचे नाव एकरूख तलाव. इंग्रजी अमदानीत १८७१ साली तो पुरा झाला. सोलापूरकरांच्या घशाला त्याने पिढ्यान् पिढ्या पाणी दिले आणि पेठेतल्या पोरांना पोहायला व गळ टाकायला शिकवले. मामा सांगतात, "पाळी सुटली की सायकल काढायची न् तळ्यावर जायचं. घरी कालवणाची सोय व्हायची, डोक्याची बी सोय व्हायची." गिरणीच्या आवाजाने बधिर झालेल्या कानांना पाण्याकाठची शांतता औषधासारखी लागत असे, हे त्यांचे म्हणणे आम्हांला आता पटते.

पण हिप्परगा ही बालवाडी. खरे कॉलेज म्हणजे उजनी. आज वाचकांना तिकडेच न्यायचे आहे. तिथली मजा तर सांगायची आहेच, पण त्या पाण्याचा धाकही सांगायचा आहे. मजेच्या गोष्टी सगळेच सांगतात. धाकाची गोष्ट कोणीतरी घरादारासमोर, बायकामुलांच्या कानांवर पडेल अशी सांगितली पाहिजे.

'वजा'चा हिशेब

भीमा नदीवर टेंभुर्णीजवळ बांधलेले उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याने मोहोळ मागे टाकून सुमारे ९० किलोमीटरवर टेंभुर्णी येते. मात्र गळ टाकायला आम्ही धरणाच्या भिंतीपाशी जात नाही. तिथून वर, करमाळा आणि इंदापूर तालुक्यांच्या मध्ये पसरलेल्या फुगवट्याच्या काठी जातो. एका काठाला सोलापूर जिल्हा, दुसऱ्या काठाला पुणे जिल्हा आणि मधे पाणी. काही ठिकाणी समोरचा काठ दुपारच्या उन्हात नुसती एक रेघ वाटतो. हिवाळ्यात भिगवण-कुंभारगावकडच्या उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि ते पाहायला लांबलांबून लोक येतात.

आता थोडा हिशेब. कारकून माणसाच्या लेखात तो यायचाच. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. यातले सुमारे ६३ टीएमसी पाणी तळचे, म्हणजे मृत साठा. त्याच्या वरचे जे सुमारे ५३ टीएमसी, तो उपयुक्त साठा. वर्तमानपत्रात 'उजनी शंभर टक्के' किंवा 'उजनी शून्यावर' असे छापून येते, ते या वरच्या साठ्याबद्दल असते. शून्याच्याही खाली पाणी गेले की 'वजा वीस', 'वजा चाळीस' अशी भाषा सुरू होते.

वर्षानुवर्षे काही दिवसांआड नळाचे पाणी भरलेल्या सोलापूरकराला हे आकडे तोंडपाठ असतात. पण ते ऐकून पुष्कळांचा एक समज होतो. उजनी वजा झाली म्हणजे धरण आटले, आता तिथे डबकी उरली असतील! वाचकहो, हा समज जिवावर बेतणारा आहे. शून्य टक्क्यांवरसुद्धा धरणात ६३ टीएमसी पाणी असते. वजा ५० टक्के झाले तरी निम्म्या उपयुक्त साठ्याएवढेच पाणी आणखी कमी झालेले असते. खाली ३६-३७ टीएमसी शिल्लक राहते. म्हणजे नदीच्या जुन्या पात्रावर माणूस बुडेल एवढे, आणि त्याच्या कितीतरी पट, पाणी उरलेले असतेच. बँकेच्या खात्यात वजा म्हणजे खडखडाट. उजनीच्या खात्यात तसे नाही.

गळाला लागते ते

आता मजेकडे वळू. उजनीत कटला, रोहू आणि मृगळ हे मोठ्या घरचे मासे. तिघांची राहण्याची जागा वेगळी. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले, तो वरच्या पाण्यात खातो. रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. एकाच चाळीत तीन मजल्यांवर तीन बिऱ्हाडे राहावीत तसे. म्हणून गळ किती खोल सोडायचा, हे कोणाच्या दारावर टकटक करायची आहे त्यावर ठरते. आमिष म्हणून मामा भाजलेल्या बेसनात कणीक मळून गोळ्या करतात. त्यात आणखी काय घालतात ते नातवालाही सांगत नाहीत.

तळाशी गांडूळ लावून गळ टाकला तर वाम लागते. दिसायला सापासारखी, पाठीवर काट्यांची रांग, आणि हातातून निसटण्यात पटाईत. मिशांचा शिंगटाही गांडुळाला येतो. त्याच्या पाठीवरच्या आणि बाजूच्या परांत एकेक टणक काटा असतो. आमच्या शिक्षक मित्राच्या तळहातात तो एकदा घुसला. माणूस शांत स्वभावाचा, वर्गात कधी आवाज न चढवणारा. त्या दिवशी मात्र त्यांचा आवाज पैलतीराला पोचला असावा. हात दोन दिवस सुजला होता. तेव्हापासून टोळीत कायदा आहे की शिंगटा आला की आधी ओले फडके, मग हात.

पण खरा थरार मरळीचा. परदेशात बास नावाच्या माशाचे असेच वेड आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात १९३२ साली जॉर्ज पेरी नावाच्या विशीतल्या शेतकरी पोराने २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे १० किलोचा बास पकडला. मंदीचे, हलाखीचे दिवस होते. त्याने मासा तोलून घेतला, नोंद केली, आणि घरच्यांनी तो खाऊन टाकला. त्या वजनाची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडावे लागले. तीही अमेरिकेत झाली नाही, जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी केली. बास दबा धरून बसतो आणि पाण्यावर हलणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतो. आपल्याकडे हेच काम मरळ करते. गवताच्या कडेने रबरी बेडूक ओढत आणला की पाणी एकदम फुटते आणि काठीचे टोक खाली जाते. त्या क्षणी साठीतला माणूसही सोळा वर्षांचा होतो.

मरळीबद्दल मामांचा एक नियम आहे. पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिलांचा घोळका वर-खाली होताना दिसला की तिथे गळ टाकायचा नाही. खाली आईबाप राखणीला असतात आणि पिलांसाठी कशावरही धावून येतात. त्यांना त्या वेळी पकडणे सोपे, पण मागे सगळा घोळका दुसऱ्यांच्या तोंडी जातो. "पोरं पाळणाऱ्याला मारायचं नाही," एवढेच मामा म्हणतात.

आणि अर्थात चिलापी. आफ्रिकेतून आलेला हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला आणि आता उजनीत ठायी ठायी सापडतो. मादी अंडी तोंडात धरून उबवते, म्हणून त्याची वीण झपाट्याने वाढते. शौकिनांना चिलापी कमी प्रतीची वाटते. पण गरिबाच्या ताटात परवडणारा मासा हाच. भिगवणच्या मासळी बाजारातून तो दूरवर जातो. नवा पाहुणा आला की जुन्यांना जागा कमी पडते, हेही तितकेच खरे. बिवा सरोवरात बाहेरून आलेल्या बासने मूळच्या माशांना एवढे छळले की तिथल्या शिगा प्रांताने २००३ पासून पकडलेला बास परत पाण्यात सोडायलाच बंदी घातली. उजनीत अलीकडे अंगावर चिलखत असलेला सकर मासा जाळ्यांत येऊ लागला आहे. तो खाण्याच्या कामाचा नाही आणि जाळी फाडतो. काचेच्या पेटीतला शोभेचा मासा कंटाळा आला म्हणून नदीत सोडून देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

पाण्याखालचे गाव

उजनीवर गळ अडकणे ही नित्याची गोष्ट. एकदा आमच्या यंत्रमागवाल्या मित्राची काठी कमानीसारखी वाकली. दोरा हलेना. सगळे ओरडू लागलो. नातवाने मोबाइल काढून शूटिंग सुरू केले. पंधरा मिनिटे झटापट झाल्यावर होडीवाला दादा हसून म्हणाला, "सायेब, मासा न्हाई त्यो. भिंत हाय. हितं गाव व्हतं."

हसू आले, पण लगेच सगळे गप्प झालो. या पाण्याखाली खरोखरच गावे आहेत. घरे, विहिरी, बांध, झाडांची खोडे तशीच खाली गेली. पळसदेवचे जुने देऊळ पाणी फार खाली गेले की उन्हाळ्यात बाहेर येते आणि लोक ते पाहायला गर्दी करतात. ज्यांची जमीन गेली, त्यांच्यातले काही याच पाण्यावर मासे धरून जगू लागले. पिढीजात भोई होतेच, त्यांच्यात हेही मिसळले. आमच्या सोलापूरच्या नळाला जे पाणी आले, त्यासाठी कोणाचे तरी अंगण बुडाले आहे, हे त्या अडकलेल्या गळाने आम्हांला शिकवले.

पाण्याखालची ही दुनिया नवख्याला दिसत नाही. काठावर पाणी गुडघाभर असते आणि दोन पावलांवर जुनी विहीर किंवा ओढ्याची कडा असते. पाणी ओसरलेल्या जागी वरून वाळलेला आणि आत लोण्यासारखा गाळ असतो. मामांचा नातू एकदा त्यात मांडीपर्यंत रुतला. जेवढा पाय ओढी तेवढा खाली जाई. शेवटी एका कोळीण बाईंनी फळी आडवी टाकली आणि त्याला पोटावर झोपायला सांगून सरपटत बाहेर काढले. बूट उजनीलाच राहिले. बाई म्हणाल्या, "उभा राहिला की जातो, आडवा झाला की तरतो." गाळात अडकलेल्या प्रत्येकाने पाठ करावा असा हा धडा आहे.

वारे फिरते तेव्हा

आता धाकाची गोष्ट. मे महिन्यातला एक दिवस. सकाळपासून पाणी आरशासारखे होते. दुपारी उकाडा इतका वाढला की श्वास कोंडू लागला. तीनच्या सुमारास आमच्या दोऱ्याला एक मोठा कटला लागला. तो होडीखालून गेला, परत फिरला, दोरा सपासप सुटत होता. एवढ्यात होडीवाल्या दादाने पश्चिमेकडे पाहिले. क्षितिजावर फक्त एक तपकिरी पट्टा दिसत होता. तो म्हणाला, "वारं फिरतंय. सोडा त्याला. चला."

शिक्षक मित्र म्हणाले, "अजून पाच मिनिटं." मामांनी काही न बोलता खिशातला चाकू काढला आणि दोरा कापला. आठ-दहा किलोचा मासा गेला. काठाला लागून होडी वर ओढेपर्यंत वीस मिनिटे गेली असतील. तोवर धुळीचा लोट आला, मागोमाग वळवाचा पाऊस, आणि ज्या पाण्यावर आम्ही होतो ते पांढरे झाले. समुद्रासारख्या लाटा त्या तळ्यात उठल्या. कोणीच बोलले नाही. भाकरी तशीच राहिली.

कारण सरळ आहे. मैलोन् मैल उघड्या पाण्यावर वाऱ्याला अडवणारे काही नसते. जितके अंतर वारा पाण्यावरून धावतो, तितकी लाट मोठी होते. हलक्या, सपाट तळाच्या होडीत आडव्या लाटेने पाणी शिरले की दुसऱ्या लाटेला ती उलटते. पोहता येणारा माणूसही अंगावरच्या कपड्यांनी आणि धापेने थकतो.

२१ मे २०२४ रोजी संध्याकाळी नेमके हेच झाले. करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळात सापडून उलटली. होडीत सात जण होते. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागले. बाकीचे सहा जण गेले, त्यांत एकाच कुटुंबातील आई, वडील आणि दोन चिमुकली मुले होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान शोध घेत राहिले आणि मृतदेह २३ मे रोजी मिळाले. त्या वेळी उजनी किती टक्के होती? वजा ५० च्याही खाली. वर सांगितलेला हिशेब इथे आठवावा. 'आटलेल्या' उजनीनेच हे सहा जीव घेतले.

त्याआधी ३० एप्रिल २०१७ रोजी इंदापूर तालुक्यात अजोतीजवळ सहलीला आलेल्या दहा डॉक्टरांची होडी उलटून चार डॉक्टर बुडाले होते. दोन्ही घटना उन्हाळ्याच्या. एका होडीत सुशिक्षित पाहुणे, दुसऱ्या होडीत रोजचे प्रवासी. पाण्याने पदवी पाहिली नाही, गाव पाहिले नाही.

कुगावच्या होडीतले लोक मजेला निघाले नव्हते. रस्त्याने वळसा घालून जायचे तर कितीतरी अंतर पडते, म्हणून काठाकाठाची माणसे बाजाराला, दवाखान्याला, पाहुण्यांकडे होडीनेच जात आली. आम्ही महिन्यातून एकदा ज्या पाण्यावर थरार शोधायला जातो, त्याच पाण्यावर कोणाचा तरी रोजचा रस्ता आहे आणि कोणाचा तरी रोजगार. भोयाची होडी पहाटे अंधारात निघते. त्याच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट क्वचितच दिसते. त्या दादाला आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, "जाकिट घेऊ का जाळं घेऊ?" या प्रश्नाचे उत्तर त्याच्या एकट्याकडून मागणे बरे नव्हे.

म्हणून टोळीने एक ठराव केला आणि तो पाळतो आहोत. प्रत्येक खेपेच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढायची. त्यातून आतापर्यंत सहा जॅकेटे घेतली आणि ती घरी न आणता त्या दादाच्या होडीवरच ठेवली. आम्ही नसताना ती त्याच्या पोरांच्या अंगावर असतात. काम लहान आहे, पण अशा लहान कामांना वर्गणीशिवाय दुसरे भांडवल लागत नाही. आपापल्या मंडळांनी, तरुणांनी हे करून पाहावे.

जाणाऱ्यांसाठी चार शब्द

ज्यांना जायचे आहे त्यांनी जरूर जावे. आधी तिथल्या मासेमारांना विचारावे, परवानगीचा नियम समजून घ्यावा, त्यांच्या जाळ्यांजवळ गळ टाकू नये. जॅकेट अंगात घालून बंद बांधावेत. बसायला उशी म्हणून ते उपयोगाचे नाही. जॅकेट नसेल तर होडीत चढू नये, काठावरून गळ टाकावा. होडीत उभे राहू नये आणि फोटोसाठी सगळ्यांनी एका बाजूला झुकू नये. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोनच्या आत पाण्याबाहेर यावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे ॲप मोबाइलमध्ये ठेवावे, ते विजेची सूचना देते. ढग गडगडू लागला की काठी खाली ठेवावी, कारण कार्बनच्या काठीतून वीज वाहते. तुटलेला नायलॉनचा दोरा पाण्यात टाकू नये. पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात. बोटाएवढी बोटुकली लागली तर ती परत सोडावी, पुढच्या वर्षी तीच कोणाच्या तरी घरचे कालवण होईल.

आणि सर्वांत मोठा नियम म्हणजे होडीवाला 'चला' म्हणाला की चलावे. आपले शिक्षण किती, पगार किती, आपण भाडे किती दिले, हे सगळे काठावर ठेवून होडीत बसावे. ज्या विषयात जो जाणता, त्या विषयात तोच आपला गुरुजी. त्या दिवशी मामांनी दोरा कापला नसता तर कदाचित हा लेख लिहायला आम्ही नसतो. तो कटला अजून उजनीत असेल, आणखी दोन किलोने वाढलाही असेल. तो पुन्हा लागेल की नाही कोण जाणे. पण पुढच्या दुसऱ्या शनिवारी भवानी पेठेतून आम्ही पाचही जण निघणार आहोत, आणि संध्याकाळी पाचही जण परतणार आहोत. उजनीवरून एवढा मासा घरी आणला तरी पुष्कळ झाले.